दोर धरणारा भाऊ

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका उंच कड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं.

कडा भिंतीसारखा सरळ उभा होता. त्याच्या छातीवर आग्यामाश्यांची मोठमोठी पोळी लोंबत. खालून तिथवर कुठलीच शिडी पोचत नसे, म्हणून माणसाला वरून दोराने खाली सोडावं लागे. कड्याचा माथा अगदी बोडका. दोर बांधायला झाड नाही, खुंटा नाही. खडकात दोन खोबणी खोदलेल्या होत्या. त्यांत टाचा रोवून एक माणूस बसायचा आणि दुसऱ्याचा जीव हातात धरायचा.

तो एक माणूस कोण असेल? तुमच्या-माझ्या मनात पहिलं नाव भावाचं येईल. त्या गावात मात्र भाऊ कधीच दोर धरत नसे. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने, मेहुण्याने. भाऊ कड्यावर उतरला असेल तर सख्ख्या भावाने माथ्यावर पाऊलसुद्धा टाकायचं नाही, असा नियम होता.

नियमामागे एक गोष्ट होती. दर वर्षी मधाच्या जत्रेला गावातला म्हातारा कथेकरी ती सांगायचा. कोणे एके काळी दोन भाऊ होते. थोरला कड्यावर उतरला, धाकट्याने दोर धरला. धाकट्याच्या मनात आलं, हा गेला की घर माझं, शेत माझं. आणि त्याने दोर सोडला. एवढं सांगून कथेकरी थांबायचा आणि सगळं गाव, मांडीवरच्या लेकरांसकट, एका सुरात म्हणायचं, "भाऊ दोर सोडतो!" मेहुणा सोडत नाही, कारण त्याने सोडला तर त्याचीच बहीण विधवा होईल.

गोष्ट एवढीच. पण ती कड्यावर राहिली नाही, घराघरात उतरली. आया दोन मुलांना एका ताटात वाढेनात. मागून भाऊ खोकला तरी माणूस पाठ भिंतीला टेकवी. भावाशी वाकडं वागायला तिथे भांडण लागत नसे, जन्म पुरे होता.

त्या गावात धोंडा आणि सोमा नावाचे दोन भाऊ राहत. धोंडा थोरला. गावात त्याच्याइतक्या सफाईने मोहोळ काढणारा दुसरा नव्हता. सोमा धाकटा. त्याचं लग्न झालं नव्हतं, म्हणजे मेहुणा नव्हता, म्हणजे दोर धरायला कुणी नव्हतं. म्हणून तो शेळ्या राखायचा. दोघं एकाच घराच्या दोन दारांनी ये-जा करत. त्यांच्यात कधी वाईट शब्द झाला नव्हता. चांगलाही झाला नव्हता.

त्या वर्षीच्या पहिल्या उतरणीच्या सकाळी धोंडा कमरेला दोर बांधत होता. आपली गाठ आपण मारायची, असा रिवाज होता. त्याच्या बायकोचा, गोजाचा, भाऊ सुभान खोबणीत टाचा रोवून बसला होता.

"दाजी, गेल्या सालापेक्षा जड झालात," सुभान म्हणाला. "माझी बहीण भलतंच खाऊ घालते वाटतं."

"तुझी बहीण भाकरी कमी आणि टोमणे जास्त वाढते. त्याचंच वजन आहे हे. नीट धर."

"धरतो की! तुम्ही पडलात तर ती माझ्या घरी राहायला येईल. मला झेपायची नाही."

धोंडा हसत हसत कड्यावरून खाली उतरला.

खाली पायथ्याशी गोजा इतर बायकांबरोबर मातीची मडकी घेऊन बसली होती, कड्याकडे पाठ करून. नवरा दोरावर असताना बायकोने वर बघायचं नाही, असंही एक होतं. तिला बसवेना. ती उठायची, मडकी उगाच इकडची तिकडे करायची, पुन्हा बसायची.

धोंड्याने पेटती चूड पोळ्याखाली धरली. धूर चढला, माश्या उठल्या. आणि एकाएकी वारा फिरला. धुराने हुसकलेलं सगळं मोहोळ माथ्याकडे गेलं.

सुभानच्या तोंडावर माश्यांचा थर बसला. डोळे मिटले, ओठ सुजले, तो गुरासारखा ओरडला. त्याच्या हातांतून दोर सरकू लागला.

पलीकडच्या उतारावर सोमा शेळ्या चारत होता. त्याने ओरडणं ऐकलं आणि दोर सरकताना पाहिला. नियम त्याला पाठ होता. तो तरीही धावला. डोक्यावरून घोंगडी ओढून घेत त्याने दोर पकडला, दोन वेढे स्वतःच्या कमरेला घेतले, गाठ मारली आणि सुभानला बाजूला सारून खोबणीत टाचा रोवल्या. दोर त्याच्या कातडीत शिरला. पण थांबला.

पुरुषभर खाली घसरलेला धोंडा अधांतरी हेलकावे घेत राहिला. वर काय झालं त्याला कळेना. त्याला धीर यावा म्हणून सोमा छाती फुटेस्तोवर ओरडला, "दादा, घाबरू नको! मी आहे!"

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात हे शब्द ऐकून माणसाचा जीव भांड्यात पडला असता. इथे धोंड्याचा हात कमरेच्या गाठीवर गेला. दोराच्या वरच्या टोकाला भाऊ! लहानपणापासून सुरात म्हटलेले ते तीन शब्द त्याच्या कानात घुमू लागले. हा आता सोडणार. आत्ता सोडणार. उजवीकडे, हातभर अंतरावर, कड्याला एक लहानसा कंगोरा होता. धोंड्याने कमरेची गाठ सोडली आणि कंगोऱ्याकडे झेप घेतली.

बोटं दगडाला लागली आणि निसटली.

खालच्या करवंदीच्या जाळीने त्याला झेललं, म्हणून तो जिवंत राहिला. पण उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आणि त्याची शुद्ध गेली. बायका किंचाळत वळल्या. त्यांनी पडताना कुणाला पाहिलं नव्हतं. त्यांनी फक्त ऐकलं होतं: आधी सुभानचं ओरडणं, मग सोमाचा आवाज, "मी आहे", आणि मग धप्प.

एवढं पुरलं.

"सोमाने सोडला," असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणालाच सांगता आलं नसतं. दुपारपर्यंत सगळे तेच म्हणत होते. दिवस मावळेपर्यंत सोमाला दोर सोडताना हसलेला पाहिलेले दोघे जणही निघाले. सुभानला विचारलं, तर तो सुजलेल्या ओठांनी एवढंच म्हणाला, "माझे डोळे मिटलेले होते. मी न पाहिलेलं सांगणार नाही."

गावच्या नाइकाने निवाडा दिला. चौथ्या दिवशी, जत्रेआधी, सोमाने खोरं सोडून जायचं. पुन्हा दिसला तर कड्यावरून लोटायचं. आसपासच्या गावांतही हीच गोष्ट सांगत, त्यामुळे भावाचा दोर सोडणाऱ्याला कुणी पाणीही विचारलं नसतं. हे सोमालाही माहीत होतं. तो आपल्या दारात बसून राहिला आणि तळहात उघडून बघत राहिला.

पहिल्या दिवशी गोजानेही त्याला शिव्या घातल्या. तिच्या तोंडून जे जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी दोराची वळकटी तिच्या अंगणात आणून टाकली. तिने ती धुवायला घेतली. एका टोकाला रक्त वाळलं होतं. खालचं टोक असणार, नवऱ्याचं, म्हणून तिने ते उराशी धरलं. मग तिला दिसलं, की त्या टोकाला रोजच्या हाताळण्याने काळा झालेला चिंध्यांचा वेढा आहे. तो तर दोर धरणाऱ्याच्या टोकाला असतो. म्हणजे रक्त वरच्या माणसाचं होतं. दुसरं टोक तिने हातात घेऊन पाहिलं. ते ना तुटलेलं, ना कापलेलं. आणि मग आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात अशी उभी राहिली की तिच्या हातातला दोर गळून पडला.

सोमाने दोर सोडला असता, तर दोर धोंड्याबरोबर खाली आला असता. दोर तर वरच लोंबत राहिला होता.

हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण सगळ्या गावाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोष्ट पाठ असली की डोळ्यांना काम उरत नाही.

ती तशीच आत गेली. धोंडा शुद्धीवर येऊन बाजेवर पडला होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या.

"गाठ कुणी सोडली?" तिने विचारलं.

धोंडा आढ्याकडे बघत राहिला. "पाय ठणकतोय गं."

"ठणकू द्या. तोंड तर धड आहे ना? गाठ कुणी सोडली?"

"तो सोडणारच होता."

"सोडणार होता ते नाही विचारलं. सोडला का?"

बाहेर सोमाच्या शेळ्या ओरडत होत्या. दोन दिवस त्यांना कुणी चरायला नेलं नव्हतं. धोंड्याने कूस बदलायचा प्रयत्न केला, पायाने बदलू दिली नाही.

"मी सोडली," तो शेवटी म्हणाला. "त्याचा आवाज आला आणि माझा हात माझा राहिलाच नाही. गोजा, हे मी चारचौघांत कसं सांगू? धोंड्याने आपल्या हाताने आपली गाठ सोडली म्हणून पोरंटोरं हसतील मला."

"हसतील. हसण्याने आणखी एक पाय मोडत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर मात्र त्याचा जन्म मोडेल." पुढचं तिने खालच्या आवाजात सांगितलं. "गेल्या महिन्यात मी आपल्या दोन्ही पोरांच्या अंथरुणांमध्ये पाटा उभा केला. धाकट्याने विचारलं, आई, हा कशाला? मी म्हटलं, गुमान झोप. मलाच ठाऊक नव्हतं कशाला ते."

दोन दिवस धोंड्याला अन्न गेलं नाही. पडल्या पडल्या तो बाजेच्या सुंभाची गाठ उगाच सोडायचा आणि पुन्हा मारायचा.

चौथ्या दिवशी गाव कड्याखालच्या मोकळ्या जागेत जमलं. सोमा पाठीवर गाठोडं बांधून उभा होता. तेवढ्यात सुभान आणि आणखी तिघे धोंड्याची बाज उचलून घेऊन आले.

"सोमाने दोर सोडला नाही," धोंडा बाजेवरून म्हणाला. "गाठ मी सोडली. भावाला भिऊन."

मग कुणीतरी म्हणालं, "डोक्याला मार बसलाय बिचाऱ्याच्या."

"बाबा रे," कथेकरी म्हातारा काठी आपटत म्हणाला, "माझ्या आज्याच्या आज्याने सांगितलेली गोष्ट खोटी, आणि तू तापात बरळतोस ते खरं होय?"

गोजा पुढे आली. "मग दोर वर कसा राहिला, ते सांगा. सोडलेला दोर वर राहतो का?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. "त्याने नंतर ओढून घेतला असेल," मागून एक जण म्हणाला.

"खाली पडलेला? टोक हाती नसताना, अख्ख्या कड्याच्या तळातून?"

"असेल काही युक्ती. भावाच्या युक्त्या कुणाला कळल्यात!"

आणि बघता बघता माना पुन्हा डोलू लागल्या. डोळ्यांदेखत दोर होता, पडलेला माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता, तरी गोष्ट जागची हलेना. वाचकहो, माणसं दुष्ट नव्हती ती. त्यांना आयुष्यभर सांभाळलेली भीती फुकट गेलेली बघवत नव्हती.

तेव्हा सोमा पहिल्यांदाच बोलला. "सोडला असेन मी," तो म्हणाला.

धोंडा कोपरावर उठला. "काय?"

"तीन दिवस सगळे तेच सांगतात, दादा. आता मी डोळे मिटले की मला माझा हात उघडतानाच दिसतो. आवळलेला दिसतच नाही. मी जातो. उगाच वाद नको."

धोंडा त्याच्याकडे बघत राहिला. जन्मभरात त्याने भावाचा चेहरा एवढा वेळ पाहिला नव्हता. मग तो म्हणाला, "बाज वर न्या. माथ्यावर. मी उतरतोय. दोर हा धरेल."

एकच कल्लोळ झाला. नाईक ओरडला, "मोडक्या पायाने? वेड लागलंय का?" आणि सोमा तर मागेच सरकला. "नको दादा. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही. मला हाकलून द्या, पण दोर नको."

"तुला आठवत नसेल. मला आठवतं," धोंडा म्हणाला. "दोर ताठ होता. मी गाठ सोडीपर्यंत, खडकाला बांधल्यासारखा ताठ. चल."

सुभान पुढे झाला. "मी मागे उभा राहतो, दाजी. नुसता हात लावून."

"तू हात लावलास की हे म्हणतील मेहुण्याने वाचवला. तू आज बाजूला बस."

"म्हणजे दोघं भाऊ मिळून मला कामावरून काढताय," सुभान पुटपुटला; पण बाजूला बसला.

सोमाने गाठोडं उतरवून दोर कमरेला घेतला. जुन्या जखमेवर नवे वेढे बसले तेव्हा त्याने दात आवळले. धोंड्याने आपली गाठ मारली, मोडका पाय पुढे सोडला आणि कड्यावरून खाली झाला. खाली बायका कड्याकडे पाठ करून बसल्या होत्या. गोजाने मात्र मान वळवली आणि सरळ वर पाहिलं. मग तिच्या शेजारणीने पाहिलं. मग आणखी एकीने.

अर्ध्या कड्यावर दोराला हिसका बसला. वर सोमाची टाच निसटून पुन्हा रुतली होती. धोंड्याचा हात आपोआप गाठीवर गेला. त्याला कळत होतं, की गाठ सोडणं म्हणजे मरण. कंगोराही या वेळी जवळ नव्हता. तरी बोटं गाठीत शिरली. भीतीला शहाणपण ऐकू येत नाही. तिला दुसरं काहीतरी ऐकवावं लागतं.

"सोमा!" तो ओरडला. "बोल काहीतरी!"

"काय बोलू?" वरून आवाज आला.

खरंच, काय बोलायचं? त्या दोघांनी कधी बोलायचंच शिकून घेतलं नव्हतं.

"काहीही! तुझ्या शेळ्यांचं सांग!"

मग सोमा दोर धरल्या धरल्या, धापा टाकत, शेळ्यांचं सांगू लागला. एक काळी आहे, ती नाइकाच्या परड्यातली भेंडी खाते आणि नाव दुसऱ्याच शेळीवर येतं. एक बांडी आहे, ती पावसाची सर यायच्या आधीच आडोशाला जाऊन उभी राहते. एक म्हातारी आहे, दूध देत नाही, विकायला काढली की लंगडायला लागते आणि गिऱ्हाईक गेलं की धड चालते. आवाज कड्यावर आपटून खालपर्यंत येत होता. भेंडीचं ऐकून नाइकाच्या बायकोने कपाळावर हात मारला. लंगडीचं ऐकून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग पुष्कळ जण हसले. हसता हसता धोंड्याची बोटं गाठीवरून सुटली आणि त्याने दोन्ही हातांनी दोर धरला.

"ओढ," तो म्हणाला. "आणि म्हातारीचं पुढचं सांग."

सोमाने त्याला हात-हात करून वर ओढला. वर आल्यावर दोघांनी मिठीबिठी मारली नाही. सोमाने त्याला काखेत हात घालून बाजेवर ठेवलं आणि दोघंही धापा टाकत बसले. माथ्यावर आलेल्या नाइकाने दोर हातात घेऊन पाहिला. मग तो सोमाच्या गाठोड्याकडे गेला आणि त्याने ते स्वतःच्या हाताने सोडलं.

तुम्हांला वाटेल, त्या दिवसापासून गाव बदललं. एवढं सोपं कधी नसतं. त्या वर्षी सगळ्या खोऱ्यात भावाच्या हाती दोर देणारे दोनच जण निघाले. धोंड्याचा पाय वाकडा जुळला, तो पुन्हा कड्यावर उतरू शकला नाही, आणि पोरं त्याला म्हातारपणापर्यंत 'गाठसोड्या' म्हणून चिडवत राहिली. तो चिडत नसे. म्हणे, "हो रे, मीच तो. या, सांगतो कसा पडलो ते." गोजाच्या घरी मात्र दोन्ही पोरं एका ताटात जेवू लागली, आणि शेवटच्या घासावरून रोज भांडू लागली. तिला ते भांडण फार आवडायचं.

त्या वर्षीच्या जत्रेला कथेकऱ्याने जुनी गोष्ट सांगायला घेतली. दोर सोडायच्या जागी येऊन तो अडखळला. लोक सुरात म्हणायला तोंड उघडून बसले होते. एका लहान मुलीने विचारलं, "आज्या, तेव्हा दोर खाली आला होता का, की वरच राहिला होता?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले, पण जुनं वाक्य बाहेर आलं नाही.

"मला माहीत नाही, बाळ," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत मी कुणाला विचारलंच नाही."

तात्पर्य: वाडवडिलांची गोष्ट जरूर ऐकावी, पण ती आपल्या हाताकडून काय करवून घेते ते तपासावं, कारण भीती गोष्टीतली असली, तरी तिच्यापायी पडणारा माणूस खरा असतो.